फ्रूट सॅलडला पाणी का सुटतं? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या वेळी फ्रूट सॅलडबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा म्हटलं होतं, तर एवढ्या साध्या पदार्थाबद्दल इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच सांगून टाकते. तुमच्यातल्या बहुतेकांची फळं चांगलीच असतात, रेसिपीही ठीक असते, घोळ होतो तो वेळेचा. काय आधी कापायचं, काय शेवटी, साखर कधी घालायची, इथेच सगळं बिघडतं.

प्रश्न : ताई, रात्री पाहुणे येणार म्हणून मी दुपारीच सगळी फळं कापते, साखर भुरभुरवते आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवते. जेवायच्या वेळी बाहेर काढलं की खाली वाटीभर पाणी आणि फळं मऊ लिबलिबीत. साखर कमी करून पाहिली तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : साखर किती घातली यापेक्षा ती कधी घातली हे बघा. कापलेल्या फळावर साखर पडली की ती वरच्या ओलाव्यात विरघळते आणि बाहेर घट्ट पाक तयार होतो, मग फळाच्या पेशींमधलं पाणी त्या पाकाकडे ओढलं जातं, यालाच आपण शाळेत ऑस्मोसिस म्हणून शिकलो होतो. मीठ घातलं तरी हेच होतं, आणि मीठ थोडंसं असलं तरी काम चोख करतं. तुम्ही चार-पाच तास आधी साखर घालताय म्हणजे फळांना पाणी सोडायला भरपूर वेळ देताय. साखर, मीठ, मध जे काही घालायचं ते वाढायच्या आधी पाच-दहा मिनिटं, त्याआधी नाही.

दुसरं म्हणजे कलिंगड. त्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, ते कापून ठेवलं की साखर नसली तरी पाझरत राहतं आणि बाकीच्या सगळ्या फळांना भिजवून टाकतं. कलिंगड, खरबूज यांचे तुकडे वेगळ्या चाळणीत ठेवा, खाली एक भांडं, आणि शेवटच्या क्षणी वरून घाला. सुटलेला रस पिऊन टाका, फेकू नका. द्राक्षं, स्ट्रॉबेरी धुतल्यावर नीट पुसून घ्या, निम्मं पाणी तर तिथूनच आलेलं असतं आणि आपण बिचाऱ्या साखरेला नावं ठेवतो.

आणि सुरीला धार हवी. बोथट सुरीने फळ कापलं जात नाही, चिरडलं जातं, जास्त पेशी फुटतात, जास्त रस बाहेर. तुकडेही फार बारीक करू नका, एका घासात मावेल एवढा मोठा तुकडा ठेवा.

उलट कधी कधी हे पाणी आपल्याला हवंच असतं. नुसत्या स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याच्या फोडी घ्या, त्यावर एक-दोन चमचे साखर आणि थोडं लिंबू घालून अर्धा तास ठेवा, जो रस सुटेल तोच तुमचा सिरप, मग त्यात बाकीची फळं घाला, वेगळं ड्रेसिंग लागत नाही. मला विचाराल तर फ्रूट सॅलड करायची सगळ्यात छान पद्धत हीच.

प्रश्न : सफरचंद आणि केळं काळं पडू नये म्हणून लिंबू पिळते पण मग सगळं सॅलड आंबट लागतं, मुलं खात नाहीत. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : आहे की, दोन आहेत. आधी होतं काय ते बघा. सफरचंद, केळं, पेअर यांच्यात एक एन्झाइम असतं, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज असं लांबलचक नाव आहे त्याचं, फळ कापलं की ते हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फळातल्या फिनॉल्सवर काम करतं आणि तपकिरी रंग तयार होतो. फळ खराब झालेलं नसतं, फक्त दिसायला वाईट. लिंबातल्या आम्लामुळे हे एन्झाइम थंडावतं आणि त्यातलं व्हिटॅमिन सी रंग तयार होऊ देत नाही, म्हणून लिंबू चालतं.

सफरचंद आणि पेअरसाठी मिठाचं पाणी करा. एक लिटर पाण्यात लहान चमचाभर मीठ, त्यात फोडी पाच ते दहा मिनिटं बुडवायच्या आणि मग साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्यायच्या. धुतल्यावर खारट लागत नाही. दुसरा उपाय मधाचा, एक कप पाण्यात दोन मोठे चमचे मध ढवळून त्यात फोडी अर्धा मिनिट बुडवून काढा, चव गोडसर राहते आणि मुलं कुरकुर करत नाहीत. लिंबूच वापरायचं असेल तर सगळ्या बाऊलवर पिळू नका, फक्त काळ्या पडणाऱ्या फोडींना वेगळ्या वाटीत चोळा, किंवा लिंबाऐवजी संत्र्याचा नाहीतर अननसाचा रस घ्या, आंबटपणा कमी आणि काम बऱ्यापैकी होतं.

केळ्याला मात्र मिठाच्या पाण्यात बुडवू नका, गिळगिळीत होतं. केळं शेवटी, अगदी शेवटी, वाढायला घेतानाच कापायचं. आधीपासून कापून ठेवायचा हट्ट कशाला?

जाता जाता, अख्खी केळी फ्रिजमध्ये ठेवली की सालं काळी पडतात ते वेगळं प्रकरण आहे. साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली केळ्याच्या सालीला थंडी बाधते. आतलं केळं बऱ्याचदा चांगलं असतं, सोलून बघितल्याशिवाय टाकू नका.

प्रश्न : क्रीम घालून फ्रूट सॅलड केलं होतं, त्यात अननस, किवी, सफरचंद, डाळिंब. तासाभराने चाखलं तर चक्क कडू. क्रीम ताजं होतं. अननस खराब होता का?

उत्तर : अननस चांगलाच होता, उलट ताजा होता म्हणूनच हे झालं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं. दूध, दही, क्रीम यांतलं प्रोटीन तुटायला लागलं की त्यातून कडू चवीचे छोटे तुकडे तयार होतात, आणि आंबटपणामुळे क्रीम फाटतं ते वेगळंच. किवीतलं ॲक्टिनिडिन आणि पपईतलं पपेन हीसुद्धा त्याच जातीची. तुमच्या बाऊलमध्ये त्यातली दोन फळं एकदम होती! अननस खाल्ल्यावर जिभेला चरचर होते त्यातही या ब्रोमेलेनचा हात असतो.

आता उपाय. ही एन्झाइम्स उष्णतेने निकामी होतात, त्यामुळे अननसाचे तुकडे चार-पाच मिनिटं चांगले वाफ येईपर्यंत गरम करून, पूर्ण गार करून मग क्रीममध्ये घाला. डब्यातला अननस आधीच गरम केलेला असतो म्हणून तो चालतो. जेली सेट होत नाही अशी तक्रार दोघींनी केली होती, त्यांनाही हेच उत्तर, जिलेटिन हे प्रोटीनच आहे, ताजा अननस किंवा किवी त्यात पडला की ते घट्ट होणारच नाही, रात्रभर ठेवा नाहीतर आठवडाभर.

पण खरं सांगू का, गरम केलेल्या अननसात ती मजा राहत नाही. क्रीमवाल्या सॅलडला आंबा, केळं, सफरचंद, द्राक्षं, चांगलं पिकलेलं पेअर एवढं पुष्कळ झालं. अननस आणि किवी बिनदुधाच्या सॅलडमध्ये राहू द्या. आणि डाळिंबाचे दाणे वरून टाका, ढवळू नका, नाहीतर सगळं क्रीम गुलाबी होतं.

कस्टर्डचंही विचारलंय बऱ्याच जणांनी, त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, ती आधी थोड्या थंड दुधात गुठळ्या न होता कालवून मग उकळत्या दुधात. गार होताना वर साय धरू नये म्हणून प्लास्टिकची फिल्म कस्टर्डच्या पृष्ठभागाला टेकवूनच झाका. फळं मात्र कस्टर्ड फ्रिजमध्ये पूर्ण थंड झाल्यावरच, आणि तीही वाढायच्या थोडी आधी, कारण कस्टर्ड गोड असतं आणि फळांचं पाणी ते ओढून घेतं, मग पातळ झालं म्हणून आपण कस्टर्ड पावडरला दोष देतो.

प्रश्न : ताई मी हॉस्टेलला राहतो. फ्रिज नाही, चॉपिंग बोर्ड नाही, एक सुरी आणि एक डबा आहे. जमेल का काही?

उत्तर : जमेल रे, मस्त जमेल. जी फळं हातानेच सुटी होतात ती घे, संत्रं, द्राक्षं, डाळिंब, केळं. डब्यात संत्र्याच्या फोडी मोडून टाक म्हणजे रस सुटेल, त्यात बाकीचं टाक, चिमूट मीठ, असेल तर मिरपूड, डबा बंद करून हलव आणि लगेच खा. लगेच हे महत्त्वाचं, कापलेली फळं बाहेर दोन तासांच्या वर ठेवायची नाहीत, उकाडा खूप असेल, बत्तीसच्या वर पारा असेल तर तासाभरातच संपवायची. जेवढं खाणार तेवढंच काप, बाकीचं फळ अख्खं राहू दे, अख्ख्या फळाला फ्रिजची एवढी गरज नसते.

प्रश्न : आणलेली द्राक्षं आंबट निघाली म्हणून तीन-चार दिवस ठेवून पाहिली, गोड काही झाली नाहीत, सुरकुतली मात्र. अननसाचंही तेच. पिकवायची काही ट्रिक असते का?

उत्तर : द्राक्षांसाठी नाही. फळांचे दोन गट असतात. केळं, आंबा, पपई, पेअर, किवी, सफरचंद ही तोडल्यावरही पिकत राहतात, त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तोच त्यांना पिकवतो, केळ्यातल्या तर स्टार्चची साखर होते. द्राक्षं, संत्री, लिंबू, अननस, स्ट्रॉबेरी, डाळिंब, कलिंगड ही दुसऱ्या गटातली, तोडली तेव्हा जेवढी गोड होती तेवढीच. अननस घरी ठेवला तर मऊ होतो, रंग बदलतो, वास सुटतो आणि आपल्याला वाटतं पिकला, पण साखर वाढलेली नसते, कारण साखर करायला त्याच्याकडे स्टार्चचा साठाच नाही. म्हणून ही फळं घेतानाच चाखून किंवा वास घेऊन घ्या.

पहिल्या गटातली कच्ची असतील तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर बांधून ठेवा, किवी दोन-तीन दिवसांत मऊ होते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होऊन बुरशी धरते.

आणलीच आहेत आंबट द्राक्षं, तर ती सॅलडमध्ये आंबट घटक म्हणून वापरा, लिंबू वगळा. पिकलेल्या केळ्यासोबत आणि आंब्यासोबत आंबट द्राक्ष गोड द्राक्षापेक्षा छान लागतं असं माझं मत आहे, पटलं तर घ्या.

प्रश्न : सासऱ्यांना डायबेटिस आहे, सासूबाईंना किडनीचा त्रास. फ्रूट सॅलडमध्ये साखरेऐवजी मध घातला तर चालेल ना?

उत्तर : दोघांचं वेगळं वेगळं बघू, आणि दोघांच्याही बाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा, माझा नाही.

सासऱ्यांसाठी मध ही पळवाट नाही. जागतिक आरोग्य संघटना मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखर 'फ्री शुगर'मध्येच, म्हणजे मर्यादेत खायच्या साखरेतच धरते, साध्या साखरेसारखीच, अख्ख्या ताज्या फळातली साखर मात्र त्यात धरत नाही. म्हणजे मधही नको आणि साखरही नको, फळं पुरेशी पिकलेली असतील तर गरजही नाही. फळ चावून खायचं, रस काढून प्यायचा नाही, कारण चोथ्यामुळे साखर हळूहळू रक्तात जाते. प्रमाण किती ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि मोठ्या बाऊलमधून आपापलं घेण्याऐवजी त्यांची वाटी आधीच वेगळी काढा. बाऊल समोर असला की हात थांबत नाही, कोणाचाच.

सासूबाईंच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. किडनीच्या आजारात बऱ्याच जणांना पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं आणि केळं, संत्रं, खरबूज यांत ते बऱ्यापैकी असतं. आणि स्टारफ्रूट, म्हणजे ते कापल्यावर चांदणीसारखे काप होतात ते करमळ, किडनीच्या पेशंटला अजिबात द्यायचं नाही. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि कॅरंबॉक्सिन नावाचा एक घटक असतो, निरोगी किडनी तो बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही आणि मेंदूपर्यंत त्रास होतो, उचक्या लागण्यापासून फिट येण्यापर्यंत. सजावटीला सुद्धा नको.

याच्याशी जुळणारी अजून एक गोष्ट, ग्रेपफ्रूट, म्हणजे द्राक्ष नव्हे, संत्र्याच्या जातीचं ते मोठं कडसर-आंबट फळ. काही कोलेस्टेरॉलच्या आणि काही ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खाल्लं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. घरात कोणी अशा गोळ्या घेत असेल तर आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी दोन वर्षांची आहे आणि धाकटा आठ महिन्यांचा. दोघांना आमच्याच बाऊलमधलं देऊ का?

उत्तर : थोडे बदल करून. अख्खं द्राक्ष लहान मुलांच्या घशात अगदी घट्ट अडकतं, गोल, गुळगुळीत आणि नेमकं त्याच मापाचं असतं, म्हणून पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं कापून चार फोडी करूनच द्या. आडवं कापलं तर गोलच राहतं, उभं कापा. कच्चं सफरचंद किसून किंवा वाफवून. चेरी असेल तर बी काढून आणि कापून. खाताना बसवून खायला द्या, पळता पळता नको.

धाकट्याला तुमच्या बाऊलमधलं नकोच, त्यात मध असेल तर मुळीच नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, चाटण म्हणूनही नाही. त्याला केळं किंवा पिकलेलं पेअर वेगळं कुस्करून द्या, खूश होईल.

प्रश्न : फळं साबणाने धुवावीत का? कोणी मीठ सांगतं, कोणी व्हिनेगर, कोणी सोडा.

उत्तर : साबण नको, फळाची साल तो शोषून घेते आणि मग तो पोटात जातो. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं, एवढं पुरतं. सालीवरच्या फवारणीची काळजी असेल तर खायचा सोडा चालेल, लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम, बारा-पंधरा मिनिटं, २०१७ साली सफरचंदावर झालेल्या एका अभ्यासात सोड्याच्या पाण्याने पृष्ठभागावरची दोन कीटकनाशकं नुसत्या पाण्यापेक्षा चांगली निघाली होती. सालीच्या आत मुरलेलं मात्र धुऊन पूर्ण निघत नाही.

लोक विसरतात ते कलिंगड आणि खरबूज धुवायला, साल फेकायचीच आहे ना मग कशाला, असं म्हणून. पण सुरी सालीतूनच आत जाते आणि सालीवरचं सगळं गरात घेऊन जाते, खरबुजाची साल तर खडबडीत, आणि गर आंबट नसल्यामुळे जिवाणूंना आवडतो. ब्रशने घासून धुवा, पुसा, मग कापा. स्ट्रॉबेरी मात्र खायच्या आधीच धुवायची, आणि देठ धुतल्यानंतर काढायचा, नाहीतर आत पाणी शिरतं.

प्रश्न : फळं किती प्रकारची घालायची? मी दहा-बारा घालते तरी चव येत नाही.

उत्तर : दहा-बारा घालता म्हणूनच येत नाही! चार, फार तर पाच. एक कुरकुरीत, एक मऊ, एक रसाळ, एक आंबट, बस. सफरचंद, आंबा, संत्रं आणि किवी घ्या आणि बघा. ड्रेसिंगला चौघांच्या बाऊलसाठी एका लिंबाचा रस, एक चमचा मध, थोडी लिंबाची किसलेली साल (फक्त पिवळी, पांढरा भाग कडू असतो), हाताने तोडलेली पुदिन्याची चार पानं आणि चिमूटभर मीठ. मीठ चुकवू नका, ते कडवटपणा दाबतं आणि गोडी पुढे आणतं.

आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या वाढू नका. फार थंड फळाचा वासही कमी येतो आणि गोडीही कमी लागते, मग आपण अजून साखर घालतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या.

प्रश्न : उरलेल्याचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी खाववत नाही.

उत्तर : झाकून फ्रिजमध्ये, ४-५ अंशांच्या आसपास, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला हरकत नाही. जे ताटांपुढे बराच वेळ उघडं होतं ते मात्र ठेवू नका. बिनदुधाचं असेल तर रात्रीच रस निथळून फोडी ट्रेमध्ये सुट्या पसरून फ्रीज करा, कडक झाल्या की डब्यात भरा, सकाळी दही घालून मिक्सरमधून काढल्या की स्मूदी तयार, त्यात अननस किंवा किवी असेल तर लगेच प्यायची, ठेवली की पुन्हा कडू. निथळलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये. क्रीमवालं फ्रीज करू नका, वितळलं की फाटल्यासारखं दिसतं, ते त्याच रात्री संपवा नाहीतर पुढच्या वेळी थोडं कमीच करा.